अनुभवी प्रशिक्षकाने नेमके काय बदलावे? महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या निमित्ताने

महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये पंचवीस-तीस वर्षे संघ घडवलेल्या प्रशिक्षकाने आपली पद्धत बदलावी की नाही, हा प्रश्न अमेरिकेत जवळजवळ प्रत्येक हंगामात नव्याने चघळला जातो, कारण तिथल्या मोठ्या विद्यापीठांत प्रशिक्षक हा लक्षावधी डॉलर पगार घेणारा आणि संघ सतत हरू लागला तर घरी पाठवला जाणारा माणूस असतो. छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न कोणी जाहीरपणे विचारत नाही. इथल्या महाविद्यालयात केवळ बास्केटबॉलसाठी नेमलेला प्रशिक्षक सहसा नसतोच. असतो तो क्रीडा संचालक, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला, कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळ्या खेळांचे संघ उभे करणारा, प्रवेशिका भरणारा, रेल्वेची तिकिटे काढणारा आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर उतरणारा एकच माणूस. हरल्यामुळे त्याची नोकरी जात नाही आणि जिंकल्यामुळे वेतनश्रेणी वाढत नाही. पद्धत बदलण्याचा निर्णय त्यामुळे त्याचा त्यालाच घ्यावा लागतो, आणि बाहेरून रेटा नसल्याने तो बहुधा घेतलाच जात नाही.

या शहरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाल्यानंतर त्याच्या कक्षेत छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे उरले. या जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतात, तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, निवडलेल्या मुलामुलींचे काही दिवसांचे शिबिर होते आणि मग तो संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, जिथे महाराष्ट्रातील इतर विद्यापीठांबरोबरच गुजरात, राजस्थान, गोवा अशा राज्यांतील संघांशी गाठ पडते. विभागातील पहिले चार संघ पुढे अखिल भारतीय फेरीत जातात. खेळाडूंच्या बोलीत याला ‘वेस्ट झोन खेळणे’ आणि ‘ऑल इंडिया खेळणे’ म्हणतात. विद्यापीठाच्या संघात निवड झालेल्या खेळाडूला मिळणारा कलर कोट अंगावर चढणे ही मराठवाड्यातल्या घरात आजही मिरवण्याची गोष्ट आहे, आणि शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणामुळे खेळाच्या प्रमाणपत्राला कोटाहून अधिक वजन आले आहे. या शहराचे नाव देशात झाले ते मुख्यतः तलवारबाजी आणि जिम्नॅस्टिक्स या खेळांमुळे, तर धाराशिवने खो-खोत अर्जुन पुरस्कारापर्यंत मजल मारली. बास्केटबॉल या नकाशावर मागच्या रांगेत आहे. तरीही या खेळातील अनुभवी प्रशिक्षकाचा पेच विशेष बोलका आहे, कारण त्याच्या डोळ्यांदेखत खेळाचे नियमच बदलले.

आज पंचावन्नच्या आसपास असलेला क्रीडा संचालक स्वतः महाविद्यालयात खेळला तो १९९० च्या आगेमागे. त्या वेळचा बास्केटबॉल वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांत खेळला जाई, चेंडू ताब्यात आल्यापासून बास्केटवर फेक करण्यासाठी संघाला ३० सेकंद मिळत, आणि स्वतःच्या अर्ध्या भागातून चेंडू पुढे नेण्यासाठी १० सेकंदांची मुभा असे. लांबून केलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८४ मध्ये आणली होती आणि ती रिंगपासून ६.२५ मीटरवर होती. २००० साली सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत विभागला गेला, ३० सेकंदांचे २४ झाले, १० चे ८ झाले. २०१० पासून तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर सरकू लागली. आणि अलीकडे, फेक रिंगला लागून परतल्यावर चेंडू पुन्हा त्याच संघाच्या हाती आला तर घड्याळ २४ वर न जाता १४ सेकंदांपासून सुरू होते. भारतातील स्पर्धा याच नियमांनी चालतात.

कागदावर हा फरक सहा सेकंदांचा दिसतो, पण मैदानावर त्याने खेळाची सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात दिली. जुन्या ३० सेकंदांत प्रशिक्षक सीमारेषेबाहेरून आकडा ओरडे, पाचही खेळाडू ठरलेल्या जागा घेत, चेंडू सात-आठ हातांतून फिरे आणि शेवटी ज्याच्याकडे यायचा ठरला त्याच्याकडे येई. आता चेंडू पलीकडे नेईपर्यंत ८ सेकंदांतला बराचसा भाग सरतो, उरलेल्या १६-१७ सेकंदांत ठरलेली चाल एकदा करून पाहता येते, आणि ती प्रतिस्पर्ध्याने अडवली की पुढचे आठ सेकंद कोणाच्याही वहीत लिहिलेले नसतात. त्या आठ सेकंदांत काय करायचे हे चेंडू हातात असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा ठरवतो, आणि तिथवर सरांचा आवाज पोचेपर्यंत घड्याळ संपलेले असते. अनुभवी प्रशिक्षकाने बदलावे का, या प्रश्नाचा गाभा येथे आहे: निर्णय घेण्याची जागा बाकावरून मैदानात गेली आहे, आणि प्रशिक्षण मात्र अजून आज्ञापालनाचेच चालू असेल तर शिस्तबद्ध संघही शेवटच्या आठ सेकंदांत गोंधळतो.

बदलाची चर्चा निघाली की सर्वप्रथम बोट दाखवले जाते ते तीन गुणांच्या फेकीकडे. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे सामने मोबाइलवर पाहून मोठी झालेली मुले मैदानावर येताच रेषेबाहेर उभी राहून फेका मारू लागतात, आणि सर त्यांना रिंगखाली जाऊन लेअप, म्हणजे धावत जाऊन फळीला टेकवून केलेली जवळची बास्केट, घोटायला लावतात. मुलांना सर जुनाट वाटतात आणि सरांना मुले उथळ. या भांडणात कोण बरोबर हे स्वभावावर सोडण्याचे कारण नाही, कारण ते मोजता येते. शंभर लांब फेकींपैकी ३३ लागल्या तर ९९ गुण होतात आणि जवळच्या शंभर फेकींपैकी ५० लागल्या तर १००, म्हणजे तिघांत एक अचूकता असलेला लांबचा नेमबाज जवळून निम्म्या फेकी साधणाऱ्याच्या जवळपास बरोबरीला येतो. मात्र हे गणित बंदिस्त सभागृहातील लाकडी तक्तपोशीवर खेळणाऱ्यांचे आहे. महाविद्यालयाच्या उघड्या सिमेंटच्या मैदानावर, संध्याकाळच्या वाऱ्यात, जाळी तुटलेल्या रिंगवर तोच मुलगा शंभरांत २० साधत असेल तर त्याचे ६० गुण होतात, आणि मग लेअपचा आग्रह धरणारे सर जुनाट न ठरता हिशेबी ठरतात. जो प्रशिक्षक सलग पंधरा दिवस सरावातल्या फेकी वहीत नोंदवून मग लांबची फेक मर्यादित ठेवतो त्याला कोणी नावे ठेवू नयेत; जो न मोजता बंदी घालतो, किंवा न मोजता मोकळीक देतो, तो मात्र दोन्ही बाजूंनी चुकतो.

बचावाचेही तसेच आहे. मराठवाड्यातील बहुतेक जुने प्रशिक्षक झोन पसंत करतात. झोन बचावात प्रत्येक खेळाडू एका विशिष्ट प्रतिस्पर्ध्याच्या मागे न लागता रिंगभोवतीचा ठरावीक भाग राखतो. याच्या उलट मॅन टू मॅन बचावात प्रत्येकाच्या वाट्याला एक प्रतिस्पर्धी येतो आणि तो जाईल तिथे त्याच्यामागे जावे लागते. झोनला बुरसटलेला ठरवण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हवे की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका दिवसात दोन-दोन सामने खेळण्याची वेळ येते, बाकावर दमदार राखीव खेळाडू दोन-तीनच असतात, आणि समोरच्या संघाला लांबून नेम साधत नाही. या परिस्थितीत रिंगखालची जागा भरून ठेवणारा, पायांची बचत करणारा बचाव शहाणपणाचाच आहे. अडचण येते ती पश्चिम विभागीय स्पर्धेत, जिथे मुंबई-पुण्याच्या किंवा गुजरात-राजस्थानच्या संघात नेमबाज असतात आणि आपल्या गावात कामी आलेला झोन पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो. त्या क्षणी दुसरा बचाव माहीत नसणे हा प्रशिक्षकाचा दोष आहे. झोन खेळवणे हा दोष नव्हे.

अमेरिकेतील तीन प्रशिक्षकांची उदाहरणे या ठिकाणी उपयोगी पडतात, आणि त्यांतले सर्वांत बोधप्रद उदाहरण सर्वांत जुने आहे. जॉन वूडन यांनी १९४८ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाची सूत्रे घेतली आणि पुढची पंधरा वर्षे त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नाही. संघ चांगला होता, तंदुरुस्त होता, वेगाने धावणारा होता, पण शेवटच्या पायरीवर अडखळत होता. १९६३-६४ च्या हंगामात जेरी नॉर्मन या त्यांच्या साहाय्यकाने आग्रह धरला की संपूर्ण मैदानभर झोन पद्धतीने दबाव टाकावा, म्हणजे बास्केट झाल्यावर प्रतिस्पर्ध्याने चेंडू आत आणल्या क्षणापासून त्याला कोंडावे. या दबावाला बास्केटबॉलमध्ये प्रेस म्हणतात. वूडन त्या वेळी त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांनी ऐकले, त्या हंगामात संघाने ३० पैकी ३० सामने जिंकून पहिले विजेतेपद मिळवले, आणि १९७५ मध्ये ते निवृत्त झाले तोवर बारा वर्षांत दहा विजेतेपदे जमा झाली होती. या संघात उंच खेळाडू नव्हते, त्यामुळे रिंगखालच्या धक्काबुक्कीपेक्षा मैदानभर पळापळ त्यांच्या सोयीची होती. वूडन यांनी आयुष्यभर शिकवलेली तंदुरुस्ती आणि वेग प्रेसच्या मुळाशी होते, म्हणजे नवी चाल त्यांच्या जुन्या शिकवणीवरच उभी राहिली. हेच वूडन हंगामाच्या पहिल्या दिवशी मुलांना मोजे घालायला शिकवत: टाचेवर आणि करंगळीजवळ एकही सुरकुती राहू द्यायची नाही, मग बुटाच्या नाड्या एकेका छिद्रापाशी ताणून बांधायच्या, कारण फोड आलेला खेळाडू सराव चुकवतो आणि सराव चुकवलेला खेळाडू सामना हरवतो. हा धडा त्यांनी दहाव्या विजेतेपदापर्यंत बदलला नाही.

इंडियाना विद्यापीठाचे बॉब नाइट यांची गोष्ट वेगळी आणि अधिक अस्वस्थ करणारी आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात तीन गुणांची रेषा सर्वत्र लागू झाली ती १९८६-८७ मध्ये. नाइट यांना ती मुळीच आवडली नव्हती, आणि तरी त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या स्टीव्ह आल्फर्ड या खेळाडूने रेषेबाहेरून दहापैकी सात फेकी साधल्या व इंडियानाने ७४-७३ असा सामना जिंकला. मत न बदलताही माणूस हातातले साधन वापरू शकतो, याचा हा उत्तम दाखला आहे. नाइट यांची आक्रमणपद्धतीही काळाच्या पुढची होती: ठरलेल्या चालींऐवजी खेळाडूंनी समोरचा बचाव पाहून कुठे सरकायचे ते स्वतः ठरवावे, अशी ती रचना होती. खेळाच्या बाबतीत त्यांनी निर्णय मुलांच्या हाती दिला होता आणि वागण्याच्या बाबतीत मात्र तोच माणूस प्रत्येक श्वासावर हुकूम चालवत होता. १९८५ मध्ये चालू सामन्यात त्यांनी खुर्ची मैदानावर भिरकावली तेव्हा लोक हसले. २००० मध्ये सरावात एका खेळाडूच्या मानेला हात घातल्याचे चित्रीकरण बाहेर आले तेव्हा कोणी हसले नाही, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये, तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिलेल्या प्रशिक्षकाला विद्यापीठाने काढून टाकले. डावपेच जुने झाल्यामुळे त्यांना जावे लागले नाही. मधल्या पंधरा वर्षांत समाजाने शिक्षकाच्या रागाची मर्यादा हलवली आणि ती हलल्याचे त्यांनी मान्य केले नाही.

तिसरे उदाहरण व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टोनी बेनेट यांचे. रिंगभोवती दाट कडे करणारा बचाव त्यांनी आपल्या प्रशिक्षक वडिलांकडून घेतला होता, आणि संथ, संयमी खेळ हीच त्यांची ओळख होती. मार्च २०१८ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत अग्रमानांकित असूनही सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून ७४-५४ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासात असे पूर्वी कधी घडले नव्हते. हा घाव बसल्यावर पद्धत मोडीत काढा असा सल्ला देणारे कमी नव्हते. बेनेट यांनी बचाव तसाच ठेवला, आक्रमणात मात्र स्क्रीनचा, म्हणजे साथीदाराने प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत उभे राहून चेंडूवाल्याला वाट करून देण्याचा, वापर वाढवला आणि बचावातील फट पाहून आत शिरायचे की फेकायचे हे चेंडूवाल्यावर सोपवले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, ते विजेते झाले. या कथेला एक शेपूटही आहे, जे यशोगाथा सांगणारे सहसा गाळतात: खेळाडूंना विद्यापीठे सहज बदलण्याची आणि जाहिरातींतून पैसे कमावण्याची मुभा मिळाल्यानंतरच्या व्यवहारात आपण बसत नाही हे ओळखून ऑक्टोबर २०२४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी पद सोडले. खेळातला बदल त्यांना पेलला, व्यवसायातला नाही. दोन्ही बदल एकाच तराजूत घालण्याची गरजही नव्हती.

या तिघांकडे पाहिल्यावर संभाजीनगरच्या मैदानावरील प्रश्न अधिक स्पष्ट होतो. येथे खेळाडू जाहिरातींसाठी विद्यापीठ बदलत नाही, पण पुण्याला किंवा मुंबईला निघून जातो. कधी बारावीनंतर, कधी पोलीस भरतीच्या तयारीसाठी खेळच सोडतो. आहेत त्यांचा वेळ सत्रपरीक्षा, प्रात्यक्षिके, शिकवण्या आणि गावाकडची एसटी यांत वाटला जातो. अमेरिकेतील संघ ऑक्टोबर ते मार्च रोज सराव करतो, इथल्या संघाला सलग सराव मिळतो तो स्पर्धेपूर्वीचे काही आठवडे. वेळ इतका तुटपुंजा असताना तो कसा खर्च होतो यावर पद्धतीची खरी परीक्षा होते.

परंपरागत सरावाचे एक साधे गणित मांडून पाहावे. चौदा मुले रांगेत उभी आहेत, एक चेंडू आहे, प्रत्येक जण धावत जाऊन लेअप करतो आणि रांगेच्या शेवटी जातो. एका फेकीला सहा सेकंद धरले तर दहा मिनिटांत शंभर फेकी होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सात येतात. उरलेला सगळा वेळ तो उभा असतो. शिवाय त्या सातही फेकींत त्याच्यासमोर अडवणारा कोणी नसल्याने ठरवायचे काहीच नसते. त्याच दहा मिनिटांत मैदानाच्या दोन्ही अर्ध्या भागांत तीन विरुद्ध तीन असे खेळ लावले तर बारा मुले एकाच वेळी खेळतात, प्रत्येकाला चेंडू अनेकदा मिळतो, आणि प्रत्येक वेळी फेकू, देऊ की आत शिरू हे त्यालाच ठरवावे लागते. क्रीडाप्रशिक्षणाच्या शास्त्रात अलीकडे छोट्या मैदानावरील, कमी खेळाडूंच्या, नियमांत हेतुपुरस्सर फेरफार केलेल्या खेळांवर जो भर दिला जातो त्याचे सार एवढेच आहे. ड्रिबल करायचे, म्हणजे चेंडू आपटत न्यायचे, नाही असा नियम घातला की मुले पास शोधू लागतात. पाच सेकंदांत फेक झालीच पाहिजे असा नियम घातला की डोके भराभर चालू लागते. प्रशिक्षकाला ओरडावे लागत नाही, नियमच शिकवतो.

ही कल्पना परदेशी म्हणून झिडकारण्याचे कारण नाही, कारण महाराष्ट्रातील सर्वांत नामवंत जुन्या प्रशिक्षकाने ती शास्त्राच्या फार आधी अमलात आणली होती. रमाकांत आचरेकर यांनी शिवाजी पार्कवर सचिन तेंडुलकरला घडवले ते केवळ जाळीतल्या सरावातून नव्हे, तर स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, एकामागून एक सामन्यांत खेळवून. प्रत्यक्ष सामन्यात गोलंदाज खरा असतो, क्षेत्ररक्षण खरे असते आणि बाद झाल्यावर पॅव्हेलियनमध्ये परतणेही खरे असते. १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेले आचरेकर स्वतः एकच प्रथम श्रेणीचा सामना खेळले होते. त्यांचे सामर्थ्य सामना हेच मुख्य शिक्षण मानण्यात होते. खाशाबा जाधव यांचे उदाहरणही याच पठडीतले आहे. कोल्हापूरच्या लाल मातीत तयार झालेला आणि राजाराम महाविद्यालयात शिकणारा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अनोळखी गादीवर उतरून सहावा आला, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्याने कांस्यपदक मिळवले. मातीतले डाव टाकून द्यावे लागले नाहीत. पायाखालची जमीन बदलली आहे हे ओळखून त्यांची मांडणी बदलावी लागली. कबड्डीत गादी आणि चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली तेव्हा महाराष्ट्रातील कित्येक मार्गदर्शकांना हीच कसरत करावी लागली, आणि ज्यांनी ती टाळली त्यांच्या संघांची पीछेहाट त्यांनी स्वतः पाहिली.

काही बाबतींत मात्र चर्चेला वावच नाही, आणि त्यांत पहिली बाब पाण्याची. सराव संपेपर्यंत पाणी प्यायचे नाही, त्याने दम वाढतो, अशी समजूत एका पिढीने प्रामाणिकपणे बाळगली. ती चुकीची आहे, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्यात ती धोक्याचीही आहे. चुकीला शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे हे याच जातीचे: सिमेंटवर वाढवलेल्या प्रत्येक फेरीचा भार घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो, आणि चुकलेला पास पळाल्याने सुधारत नाही. मुलींच्या संघाबाबत तर अधिक काळजी हवी, कारण उडी मारून खाली येताना किंवा अचानक दिशा बदलताना गुडघ्यातील अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण अशा खेळांत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आढळते. उडीनंतर गुडघे आत न वळवता, किंचित वाकवून, हलकेच उतरण्याचे आणि मांडीमागच्या स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम दर सरावापूर्वी पंधरा मिनिटे करून घेतले तर ही दुखापत कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. त्याला पैसे लागत नाहीत, सभागृह लागत नाही. हा बदल स्वीकारण्यासाठी प्रशिक्षकाला आपले कोणतेही मत सोडावे लागत नाही, फक्त सवय सोडावी लागते.

सर्वांत अवघड राहते ते बोलणे. वूडन यांच्या अखेरच्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे पंधरा सराव बाजूला बसून पाहिले आणि त्यांच्या तोंडून निघालेल्या शिकवण्याच्या २,३२६ कृतींची वर्गवारी केली. सुमारे तीन चतुर्थांश वेळा ते काही तरी माहिती देत होते: पाय कुठे, नजर कुठे, आता काय करायचे. कौतुक आणि नापसंती यांचे प्रमाण दोन्ही बाजूंनी थोडे होते. वाक्ये लहान असत, चूक दिसताच ते बरोबर कृती करून दाखवत, चुकीची कशी झाली तेही दाखवत, आणि लगेच पुन्हा बरोबर करून दाखवत; हे सारे काही सेकंदांत उरके. सामन्याच्या वेळी मात्र ते हातात कार्यक्रमपत्रिकेची गुंडाळी धरून बाकावर बसत, कारण शिकवण्याची जागा सराव आहे असे ते मानत. आपल्याकडच्या मैदानावर याच्या उलट दृश्य नवे नाही: सरावात सर मोबाइलवर संघाच्या प्रवासाची व्यवस्था लावत असतात आणि सामन्यात सीमारेषेवर उभे राहून ‘अरे काय करतोय, डोकं कुठंय’ असे ओरडत असतात. या ओरडण्यात राग आहे, तळमळही आहे, पण माहिती नाही. मुलाने पुढच्या वेळी काय करावे हे त्यातून कळत नाही. प्राचार्यांकडून किंवा पालकांकडून तक्रार येण्याची वाट न पाहता अनुभवी प्रशिक्षकाने एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या एका सरावाचा आवाज मोबाइलवर टिपायला सांगावा आणि त्यातली किती वाक्ये माहिती देणारी आहेत ते स्वतः मोजावे, इतके हे सोपे आहे. ऐकायला बरे वाटणार नाही, हेही खरे.

निर्णय खेळाडूच्या हाती देण्याची गोष्ट कोणाला शिस्तीचा ऱ्हास वाटत असेल तर त्याने थ्री बाय थ्री या नव्या प्रकाराकडे पाहावे. अर्ध्या मैदानावर, एकाच रिंगवर, तीन विरुद्ध तीन आणि एक राखीव अशा संघांत, दहा मिनिटे किंवा एकवीस गुणांपर्यंत चालणारा हा खेळ टोकियो ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आला; फेकीसाठी घड्याळ १२ सेकंदांचे असते, आणि सामना चालू असताना प्रशिक्षकाला मैदानालगत बसून सूचना देण्याची परवानगीच नाही. बदली खेळाडू कधी आत येणार, विश्रांतीचा वेळ कधी मागायचा, हे खेळाडू ठरवतात. चार जिल्ह्यांतील ज्या महाविद्यालयांत बारा जणांचा संघ जुळता जुळत नाही, तिथे चार मुलांत उभा राहणारा हा प्रकार सोयीचा आहे, आणि पाच जणांच्या संघासाठीही त्याहून चांगला सराव सापडणे कठीण आहे.

या सगळ्यात एक उणीव मात्र उरतेच. वूडन यांना जेरी नॉर्मन होते. संघात बसून, मान राखून, पण आग्रहाने ‘सर, हे करून पाहू’ म्हणणारा माणूस होता. संभाजीनगरच्या क्रीडा संचालकाला साहाय्यक नाही, सहकारी दुसऱ्या विषयांचे आहेत, आणि खेळाडू सरांपुढे मत मांडण्याच्या वयाचे व परंपरेचे नाहीत. तरी प्रत्येक मैदानावर संध्याकाळी येणारा एखादा माजी खेळाडू असतो, ज्याने चार-पाच वर्षांपूर्वी कलर कोट मिळवला, जो वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून किंवा दुकान भावावर सोपवून अजून खेळायला येतो, नवे नियम ज्याच्या अंगवळणी पडले आहेत आणि ज्याला सर नावाने हाक मारतात. त्याला आज कसलेही पद नाही, मानधन नाही, आणि सरावात तोंड उघडण्याचा अधिकारही नाही. महाविद्यालयाने एका हंगामापुरते तुटपुंजे का होईना मानधन देऊन त्याला साहाय्यक नेमले, आणि सरांनी आठवड्यातून दोन संध्याकाळचे खेळ त्याच्या हवाली करून स्वतः बाजूला वही घेऊन बसण्याचे ठरवले, तर बदल करायचा की नाही हा वाद आपोआप मोजणीच्या विषयांत वाटला जाईल. ही नेमणूक शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच व्हायला हवी, कारण निवड चाचणीनंतर लागणाऱ्या शिबिराच्या मोजक्या दिवसांत आहे ते घोटण्यापलीकडे कोणालाच सवड नसते.